पट्टीवर नसलेला चौकोन

माझं लग्न ठरत होतं तेव्हा नागपूरहून आलेल्या एका आत्याबाईंनी विचारलं, मुलगी दवाखान्यात करते तरी काय? बाबांनी घसा साफ केला, ‘तपासणी विभागात आहे’ एवढं सांगितलं आणि चिवड्याची बशी पुढे सरकवली. कसली तपासणी ते त्यांनी सांगितलं नाही, आत्याबाईंनीही विचारलं नाही. लग्न झालं. पुढे चौतीस वर्षं मी भोपाळच्या एका सरकारी दवाखान्यात लोकांची लघवी तपासली. रक्तही तपासलं, थुंकीही तपासली. पण माझं टेबल लघवीचं, आणि मला ते आवडायचं. रक्त काढताना माणूस घाबरतो, सुई टोचणाऱ्यावर चिडतो. लघवी तो स्वतः आणून देतो, आणि देताना जरा लाजत का होईना, चार शब्द बोलतो.

कशात आणतील याचा मात्र नेम नव्हता. खोकल्याच्या औषधाची बाटली, लोणच्याची बरणी, अत्तराची कुपी, सगळं पाहिलं. एक निवृत्त ओव्हरसियर थर्मासमधून घेऊन आले होते. ‘ताजी पाहिजे म्हणालात ना,’ हे त्यांचं म्हणणं. त्यांना हसले खरी, पण त्यांचा मुद्दा बरोबर होता. लघवीतली काही द्रव्यं उन्हात आणि उघड्यावर तासाभरात मोडून जातात. उन्हात स्कूटरच्या डिकीवर ठेवून आणलेल्या बाटलीपेक्षा तो थर्मास कितीतरी बरा.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तपासणीची पट्टी म्हणजे बोटभर लांबीची प्लास्टिकची काडी. तिच्यावर कागदाचे दहा लहान चौकोन चिकटवलेले असतात आणि प्रत्येकात वेगळं औषध वाळवून ठेवलेलं असतं. पट्टी बुडवायची, काठावर निथळायची, आणि डबीवर छापलेल्या रंगांच्या तक्त्याला लावून बघायची, तीही घड्याळाकडे नजर ठेवून. साखरेचा चौकोन वेगळा, प्रथिनांचा वेगळा. कावीळ बघायला दोन चौकोन असतात, आणि मला सांगायचंय ते या दोघांबद्दल.

रक्तातल्या लाल पेशी साधारण चार महिने जगतात. त्या मोडल्या की त्यांच्या लाल रंगापासून एक पिवळं द्रव्य तयार होतं, बिलिरुबिन. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून लघवीत उतरत नाही. यकृत त्याला विरघळण्याजोगं करतं आणि पित्ताबरोबर आतड्यात सोडतं. तिथले जंतू त्याचं आणखी एक रूप करतात, युरोबिलिनोजेन. त्यातलं बरंचसं शौचावाटे जातं, शौचाला नेहमीचा रंग येतो तो त्याच्यामुळे. थोडं रक्तात परत शिरतं आणि त्यातलं अगदी किंचित लघवीत येतं. म्हणजे धडधाकट माणसाच्या लघवीत बिलिरुबिन नसतं, युरोबिलिनोजेन मात्र चिमूटभर असतंच.

पट्टीवरचा एक चौकोन बिलिरुबिन भेटलं की मातकट तपकिरी होतो. दुसरा युरोबिलिनोजेन भेटलं की गुलाबी होतो. पेशी जास्त मोडत असतील तर गुलाबी वाढतो आणि तपकिरी कोराच राहतो. यकृताला सूज असेल तर बहुधा दोन्ही रंगतात. आणि पित्ताची नळी पुरती तुंबली असेल तर पित्त आतड्यात उतरतच नाही. मग तपकिरी चढतो, गुलाबी द्रव्य लघवीत नाहीसं होतं आणि शौच पांढरट पडतं.

इथे एक गोम आहे. तक्त्यावर गुलाबीचा सर्वांत फिका रंग असतो, त्याखाली लिहिलेलं असतं ‘नॉर्मल’. त्याच्याखाली काही नाही. चिमूटभर असलं तरी पट्टी तोच रंग दाखवते, अजिबात नसलं तरी तोच.

हे मला खानसाहेबांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते आमच्या लॅबचे सीनियर टेक्नीशियन, जुन्या शहरातले. पट्ट्या नव्या आल्या तेव्हा सगळे खूश झाले, हे मात्र आपल्या परीक्षानळ्या धूत राहिले. काविळीचा सॅम्पल आला की आधी त्यात बेरियमचं पाणी घालायचे, साका बसला की गाळायचे. गाळणीच्या कागदावर दुसऱ्या औषधाचा थेंब टाकला की बिलिरुबिन असेल तर हिरवं उमटायचं. खाली गळलेल्या पाण्यात एर्लिखचं औषध घालून पाच मिनिटं थांबायचं आणि नळीत वरून डोकावायचं. फिकट गुलाबी झाक दिसली तर युरोबिलिनोजेन आहे. नाही दिसली तर नाही. मी एकदा म्हटलं, पट्टीवर एका मिनिटात होतं, हा खटाटोप कशाला? ते नळी उजेडात धरून म्हणाले, “बेटा, पट्टी में ‘नहीं’ का खाना ही नहीं है.”

खानसाहेब रिटायर झाले. खिडकीपुढची रांग वाढली. एर्लिखच्या औषधाची बाटली मी कपाटात मागे सारली.

ठोंबरे सर आमच्या शिवाजी नगरच्या क्वार्टर्समधले. गणिताचे शिक्षक, अमरावतीकडचे, माझ्या मुलाला भूमिती त्यांनीच शिकवली. एका सकाळी ते रांगेत उभे दिसले. डोळे पिवळे, अंगाला खाज, दुखत काहीच नव्हतं. मी त्यांना पुढे बोलावलं तर म्हणाले, रांग आहे ना, येऊ दे माझा नंबर. नंबर आला, मी पट्टी बुडवली. तपकिरी चांगलाच चढला होता. गुलाबीचा चौकोन सगळ्यात फिका. रजिस्टरमध्ये लिहिलं, बिलिरुबिन तीन प्लस, युरोबिलिनोजेन नॉर्मल. सही केली आणि पुढचा सॅम्पल घेतला.

त्या दिवशी ओपीडीत नवे डॉक्टर होते, समोर साठ-सत्तर माणसं. पावसाळा संपत आला होता, दर दुसरा पेशंट पाण्यातून झालेल्या काविळीचा. त्यांनी विश्रांती सांगितली, तेलतूप बंद केलं. घरच्यांनी उसाचा रस चालू केला. शेजाऱ्यांनी तुलसी नगरच्या दादाजींचं नाव सांगितलं, ते मंगळवारी आणि रविवारी कडुनिंबाखाली बसून कावीळ ‘झाडत’. ठोंबरे काकूंनी सरांना तिथेही नेलं. सरांना हे पटत नव्हतं, पण बायकोच्या मनाला बरं वाटतंय म्हणून गेले. दीड महिना असा गेला. मग उलट्या सुरू झाल्या, सोनोग्राफी झाली, आणि पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ निघाली. सर्जन म्हणाले, थोडं आधी आला असतात तर काढता आली असती, कदाचित. सर दिवाळीनंतर गेले.

जाण्याआधी त्यांना नागपूरला दाखवायचं ठरलं, तेव्हा त्यांची मुलगी मृदुला जुने रिपोर्ट गोळा करत माझ्याकडे आली. बँकेत नोकरी करणारी, शांत मुलगी. तिनं कागद माझ्यासमोर धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“काकू, इथं नॉर्मल लिहिलंय. बाबांचं यात नॉर्मल काय होतं?”

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी तिला सांगू शकले असते की पट्टी असंच दाखवते, की पांढऱ्या शौचाबद्दल डॉक्टरांनी विचारायला हवं होतं, की निदान करणं माझं काम नाही. हे सगळं खरं होतं. मी म्हणाले, “मी नळीतली तपासणी करायला हवी होती. केली नाही.” तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, “आईला सांगू नका हे.” मी आजवर सांगितलेलं नाही. ठोंबरे काकू आता नाहीत, म्हणून लिहिते आहे.

त्यानंतर मी एर्लिखचं औषध पुन्हा पुढे काढलं. तपकिरी चढलेला प्रत्येक सॅम्पल नळीत बघायचा, आणि गुलाबी झाक नसेल तर ‘नॉर्मल’ऐवजी लाल शाईनं ‘आढळले नाही’ लिहायचं. मोठ्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, हे नवीन काय? मी सांगितलं. ते ‘करा’ म्हणाले. रांग रोज पंधरा-वीस मिनिटं लांबायची आणि लोक मला शिव्या घालायचे.

दादाजींवर मात्र मी राग धरून होते. स्वतःवरचा थोडा त्यांच्या नावावर टाकला होता, हे आता कबूल करते. पितळी परातीत चुन्याचं पाणी घ्यायचं, पेशंटच्या हाताला कसलासा रस चोळायचा, हात परातीत धुवायचे, पाणी पिवळं होतं. बघा, कावीळ उतरली. तो रस आंब्याच्या सालीचा असतो, चुन्यानं पिवळा होतो. माझे-तुमचे हात धुतले तरी पाणी तेवढंच पिवळं होईल. हे मी मोहल्ल्यात दहा जणांना सांगितलं. दहाही जणांनी मान डोलावली आणि कावीळ झाल्यावर दादाजींकडे गेले.

रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. सॅम्पल घ्यायची वेळ संपत आली होती, खिडकी लावायला उठले तर एक म्हातारा गृहस्थ गमछ्यानं तोंड झाकून उभे. डबी पुढे केली आणि हळूच म्हणाले, नाव लिहू नका. बिननावाचा सॅम्पल घेता येत नाही, असं मी म्हटलं. ते ‘रामस्वरूप’ म्हणाले. मग गमछा सैल झाला आणि मी ओळखलं. दादाजी.

डबीतली लघवी कोऱ्या चहासारखी होती, हलवली की पिवळा फेस. हातांवर खाजवल्याचे ओरखडे. मी त्यांना बाकावर बसवलं. पट्टी बुडवताक्षणीच तपकिरी झाली. दुसरा चौकोन फिका. साका बसवला, गाळलं, औषध घातलं. पाच मिनिटं मी नळीकडे आणि ते माझ्याकडे बघत होते. वरून डोकावले तर गुलाबीचा मागमूस नाही. अँटिबायोटिकनं आतड्यातले जंतू मेले तरी असं होतं, म्हणून विचारलं, कसल्या गोळ्या चालू आहेत का? ते नाही म्हणाले. शौचाचा रंग विचारला. त्यांनी गमछा पुन्हा वर ओढला. मग म्हणाले, “मिट्टी जैसा. महीना हो गया.”

टेक्नीशियननं निदान सांगायचं नसतं. हा नियम मी तोवर पाळला होता. त्या दिवशी खिडकी लावून घेतली आणि त्यांच्या शेजारी बसले.

“दादाजी, रास्ता कहीं बंद है. पित्त नीचे उतर ही नहीं रहा. यह झाड़ने से नहीं खुलेगा.”

“मालूम है,” ते म्हणाले. “झाड़ने से तो वो वाला भी नहीं जाता जो जाता है. वो अपने आप जाता है.”

मी थक्क झाले. हे मला ऐकवणारे ते पहिलेच, आणि इतक्या सहज. मग हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. ते एका सरकारी ऑफिसात दफ्तरी होते. विद्या वडिलांकडून आली. बहुतेकांची कावीळ तीन आठवड्यांत उतरते हे त्यांना तरुणपणीच कळून चुकलं होतं. पण लोक घाबरलेले असतात, त्यांना दर मंगळवारी कुणीतरी हात हातात घेऊन ‘उतरेल’ म्हणावं लागतं. ते कुणाकडून नारळसुद्धा घेत नसत. आता अडचण अशी की झाडणारा स्वतः पिवळा. महिनाभर त्यांनी गॉगल लावून लोकांची कावीळ झाडली होती. मुलगा दवाखान्यात चला म्हणायचा, आणि ते कडुनिंबाखाली जमलेल्या माणसांचा विचार करत बसायचे.

मला त्या क्षणी ठोंबरे सर आठवले. ओठांवर आलं होतं की तुमच्या त्या मंगळवारांत एका माणसाचे दिवस गेले. मी ते बोलले नाही. त्या दिवसांतला एक माझ्या टेबलावरही गेला होता.

मी म्हटलं, चला. रिक्षा केली आणि त्यांना महाराणा प्रताप नगरला सोनोग्राफीला घेऊन गेले. त्यांच्या मोहल्ल्यातलं कुणी तिथं भेटण्याची शक्यता कमी, आजूबाजूला सगळे कोचिंगचे विद्यार्थी. रिपोर्ट आला, नळीत अडकलेला खडा. गाठ नव्हती. मी ती ओळ दोनदा वाचली. चार दिवसांनी मोठ्या हॉस्पिटलात तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढला. मोहल्ल्यात सांगितलं की दादाजी हरद्याला मुलीकडे गेलेत.

महिनाभरानं ते पुन्हा खिडकीशी आले. डोळे स्वच्छ. त्यांनी स्वतःचा सॅम्पल आणला होता, बघा म्हणाले. मी नळी त्यांच्याच हातात दिली आणि वरून बघायला लावलं. फिकट गुलाबी. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग मी संधी साधून म्हटलं, आता झाडणं बंद करा.

“मैं बंद कर दूँगा तो दूसरे के पास जाएँगे,” ते म्हणाले. “वो कुछ पूछेगा नहीं. आप मुझे बता दो, किसको हाथ नहीं लगाना.”

याचं उत्तर काय द्यायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. सांगितलं तर एका भोंदूगिरीला हातभार. न सांगितलं तर मंगळवार येणारच. मी दोन दिवस घेतले. घरी ह्यांना विचारलं, ते म्हणाले, नोकरीची दोनच वर्षं उरलीत, कशाला भानगडीत पडतेस. बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी तुलसी नगरला गेले आणि दादाजींना सांगितलं: ज्याचं शौच मातीसारखं पांढरट आहे तो, पोटुशी बाई, ज्याला गुंगी येतेय किंवा जो असंबद्ध बोलतोय तो, आणि तान्हं मूल. या चौघांना हात लावायचा नाही, सरळ हॉस्पिटलात पाठवायचं. बाकीच्यांनाही आधी तपासणी करून या म्हणायचं. त्यांनी माझ्याकडून ते तीनदा वदवून घेतलं, मग स्वतः म्हणून दाखवलं.

हे कितपत बरोबर केलं, अजून ठरवू शकलेले नाही. दवाखान्यात कुणाला कळलं असतं तर ताकीद नक्की मिळाली असती. मोहल्ल्यात बोलबाला झाला की दादाजी आता सरकारी तपासणीशिवाय झाडत नाहीत, म्हणजे पक्के असणार. त्यांची गर्दी वाढली. ते ऐकून मला रात्रीचं जेवण गेलं नाही. पण गर्दीतले बरेच जण आधी खिडकीशी येऊ लागले, आणि त्यांच्यातले काही लाल शाईचे निघाले, हेही तितकंच खरं.

रिटायर झाल्यावर मी महाराणा प्रताप नगरच्या एका खासगी लॅबमध्ये सकाळचे चार तास बसते. तिथं यंत्र पट्टी वाचतं. पट्टी आत सरकवली की छापील कागद बाहेर येतो, आणि त्यावर ‘नॉर्मल’ अजूनही छापून येतं. माझी एर्लिखची बाटली मी स्वतंत्र ठेवली आहे. तरुण मुलं हसतात, पण बिलिरुबिन आलं की नळी माझ्याकडे आणून देतात.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिथं एक बाई आली. पूजा तिचं नाव, कडेवर सहा आठवड्यांची मुलगी. मुलगी बाळसेदार, हसरी, नुसते डोळे पिवळे. घरचे सांगत होते, बाळांना होतेच, कोवळ्या उन्हात धर, जाईल. सासू तिला दादाजींकडे घेऊन गेली होती. दादाजींनी बाळाला हात लावला नाही, लंगोट दाखवायला सांगितला. लंगोट बघितला आणि म्हणाले, “ये मेरे वाला पीलिया नहीं है.” सासूनं खूप विनवलं, निदान एकदा हात तरी फिरवा. ते उठून घरात निघून गेले आणि आपल्या मुलाच्या हाती माझ्या लॅबचा पत्ता पाठवला. सासू फार दुखावली होती, ती रिक्षातून उतरलीच नाही.

तान्ह्या मुलाची लघवी मिळवणं हे एक कामच असतं. आम्ही चिकटपिशवी लावली आणि बसून राहिलो. पूजा मला सांगत होती की ही पहिलीच, नाव अजून ठेवलं नाही. पाऊण तासानं पिशवीत चमचाभर जमलं. बाळांची साधी कावीळ लघवीत उतरत नाही, ती पाण्यात विरघळणारी नसतेच. त्यामुळे बाळाच्या लघवीत तपकिरी चौकोन म्हणजे थांबायचं नाही. चौकोन तपकिरी झाला. नळी करायला पुरेसं उरलं नव्हतं, आणि मला गरजही वाटली नाही. लंगोट पांढराफटक होता.

मी लॅबच्या डॉक्टरांना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी लगेच मोठ्या हॉस्पिटलात फोन केला. बाळाची पित्ताची नळी जन्मापासूनच बुजलेली निघाली. हे ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर उपयोगाची शक्यता जास्त, असं तिथल्या सर्जननं सांगितलं. घरच्यांनी चार दिवस वाद घातला, इतक्या लहान जिवाला कापायचं का म्हणून. पाचव्या दिवशी सासूनंच ‘करा’ म्हटलं. तिचं म्हणणं असं की दादाजी ज्याला नाही म्हणाले ते आपल्या हातचं नाही.

ऑपरेशन झालं. आठवड्याभरानं दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. पूजानं फोटो पाठवला होता. लंगोट, आणि त्यात हळदीसारखा पिवळा डाग. खाली लिहिलं होतं, “दीदी, पीला.” ह्यांनी वाकून बघितलं, ताट थोडं दूर सरकवलं आणि म्हणाले, जेवताना तरी नको. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

पुढचं डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. काही मुलांना पुढे यकृत बदलावं लागतं. ही सध्या बरी आहे, भिंतीला धरून चालते.

फोटो आला त्या दिवशी संध्याकाळी मी तुलसी नगरला गेले. दादाजी ओट्यावर बसले होते. फोन त्यांच्या हातात दिला. त्यांना नीट दिसेना, त्यांनी आत हाक मारून चष्मा मागवला, काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. आतून सुनेनं विचारलं, बाबूजी, क्या देख रहे हो? त्यांनी फोन माझ्या बाजूला जरा कलता केला. मी जवळ सरकून बसले, आणि आम्ही दोघं तो लंगोट नीट बघत राहिलो.